एकवीस आकडी संख्येचा ताळा

जाणणे हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. अमक्याच्या विहिरीला पाणी लागले, हे कोणी येऊन सांगितले म्हणून मला ठाऊक असते. जमिनीची ओल पाहून, आसपासची झाडे पाहून मी तर्क बांधला म्हणूनही ठाऊक असते. आणि पोहरा खाली सोडला, भरून वर ओढला, ओंजळीत घेऊन प्यालो, म्हणूनही ठाऊक असते. तिन्ही वेळा तोंडातून शब्द मात्र एकच निघतो, 'ठाऊक आहे'. शास्त्रकारांनी यांची नावे वेगळी ठेवली. शब्द, अनुमान आणि प्रत्यक्ष. पहिल्या दोहोंनी होते ते परोक्ष ज्ञान, तिसऱ्याने होते ते अपरोक्ष. प्रवचनात ही नावे आपल्या कानावरून इतक्या वेळा गेलेली असतात की गुळगुळीत झालेल्या जुन्या पैशासारखी त्यांची स्थिती होते. चालतो खरा, पण त्यावरचा छाप दिसत नाही.

म्हणून आज हाच विचार एका अगदी परक्या मुलखात नेऊन पाहावा असे मनात आहे. तेथे देव नाही, भक्त नाही, पोथी नाही. आहे ती केवळ एक संख्या. पण त्या एका संख्येच्या वाट्याला शब्द, अनुमान आणि प्रत्यक्ष हे तिन्ही प्रकार ओळीने आले, आणि प्रत्येकाचे सालही आपल्याला ठाऊक आहे. असा नितळ दाखला सहसा मिळत नाही. आकडे पाहून वाचकांनी पान उलटू नये. बेरीज, गुणाकार आणि भागाकार यांच्यापलीकडचे काहीही येथे लागणार नाही.

बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट सर्वांना माहीत आहे. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करीत गेले की ६४ घरांत वीस आकडी दाणे होतात आणि राजाची कोठारे रिकामी पडतात. आता पटाला आणखी तीन घरे जोडा. ६७ घरे झाली. या सर्व घरांतल्या दाण्यांची बेरीज किती? दोनाचा सदुसष्टावा घात घ्यावा आणि त्यातून एक वजा करावा, म्हणजे ती येते. ती अशी :

१४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७.

एकवीस आकडे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त एकं, दशं, शतं पासून जी अठरा स्थाने दिली आहेत त्यांतले शेवटचे परार्ध. ही संख्या त्या परार्धाच्याही पलीकडे जाते. १४७५ परार्ध मोजूनही उरते. तिच्याविषयी प्रश्न मात्र अगदी साधा आहे. हे दाणे सारख्या रांगांत मांडता येतील काय?

प्रश्नाचा अर्थ पंगतीवरून पाहा. बारा माणसे आली तर तिघांच्या चार पंगती होतात, चौघांच्या तीन होतात. तेरा आली तर कसेही बसवा, कोणीतरी एक उरतो. सगळ्यांना एकाच ओळीत बसवा नाहीतर प्रत्येकाला वेगळा बसवा, तिसरा मार्ग नाही. तेरासारख्या संख्येला मूळ संख्या म्हणतात, बारासारखीला संयुक्त. आपल्या दाण्यांचे पाहिले तर दोन घरांची बेरीज ३, तीन घरांची ७, पाच घरांची ३१, सात घरांची १२७, आणि या चारही मूळ आहेत. घरांची संख्याच संयुक्त असली तर बेरीजही संयुक्त होते. चार घरांचे दाणे १५, ते तीन गुणिले पाच. यावरून कोणालाही वाटेल की घरांची संख्या मूळ असली की बेरीज मूळ असणारच. पुष्कळांना तसे वाटलेही. पण १५३६ साली रेगियस नावाच्या पंडिताने दाखवले की अकरा घरांचे दाणे २०४७ होतात आणि ते २३ गुणिले ८९ आहेत. म्हणजे नियम नाही. प्रत्येक घर वेगळे तपासले पाहिजे.

६७ हा आकडा स्वतः मूळ आहे. तेव्हा त्याचे काय?

फ्रान्सात मारँ मर्सेन नावाचे एक ख्रिस्ती साधू होऊन गेले (१५८८–१६४८). मठात राहणारा हा विरक्त पुरुष गणिताचा मोठा रसिक होता. साऱ्या युरोपातल्या विद्वानांशी त्यांचा पत्रव्यवहार असे, एकाचे शोध दुसऱ्याला कळवणे हे त्यांनी जणू व्रतच घेतले होते. १६४४ साली छापलेल्या एका ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी सांगितले की २५७ घरांपर्यंत पाहिले असता २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ एवढ्याच घरांना मूळ संख्या येते, बाकी कोठेही नाही. यादीत ६७ आहे. म्हणजे मर्सेन यांच्या मते आपले एकवीस आकडी दाणे सारख्या रांगांत मांडता यायचे नाहीत.

त्यांनी हे कशावरून सांगितले? पुरावा दिलेला नाही. उलट त्याच काळी त्यांनी हेही लिहून ठेवले होते की पंधरा-वीस आकडी संख्या मूळ आहे की नाही हे तपासायला सगळा काळही पुरणार नाही. साधूंनी आपल्या परीने सावधगिरीची सूचना दिलीच होती म्हणायची. पण जगाची रीत पाहा. यादी लोकांनी उचलली आणि सूचना मागे राहिली. थोरांचे वाक्य पाठ होते, त्या वाक्याच्या कडेने त्यांनी घातलेले कुंपण कोणी पाठ करीत नाही. दोनशेबत्तीस वर्षे ६७ चा आकडा त्या यादीत जसाच्या तसा बसून होता. हे झाले शब्दप्रमाण. मर्सेन खोटे बोलणारे नव्हते, गर्विष्ठही नव्हते. माणूस चांगला होता, म्हणून त्याचा आकडा बरोबर असला पाहिजे, एवढीच समजूत त्या आकड्याखाली टेकू म्हणून उभी होती.

१८७६ साली एदुआर लुकास या फ्रेंच गणितज्ञाने हा टेकू काढून घेतला. त्यांनी सिद्ध केले की ६७ घरांची संख्या मूळ नाही, संयुक्त आहे. पण गंमत अशी की कोणत्या दोन संख्यांचा गुणाकार केला असता ती येते, हे त्यांना सांगता येईना! रांगा होतात हे पक्के. रांगा किती आणि प्रत्येकीत दाणे किती, ते ठाऊक नाही.

हे कसे शक्य आहे, असे कोणीही विचारील. भाग जातो असे म्हणता, मग कशाने जातो ते दाखवा की! पण कुलूप लावलेली पेटी हातात घेऊन हलवली आणि आत काही खडखडले, तर पेटी रिकामी नाही हे न उघडताच कळते. आत पैसा आहे, किल्ली आहे की खडा आहे, ते मात्र कळत नाही. लुकास यांना पेटी हलवण्याची एक युक्ती सापडली होती. पुढे १९३० च्या सुमारास लेमर यांनी ती अधिक सोपी केली, त्या रूपात ती येथे सांगतो. चार या आकड्यापासून निघायचे. त्याचा वर्ग करायचा, दोन वजा करायचे, आपल्या संख्येने भागून जी बाकी राहील ती ठेवायची. पुन्हा तिचा वर्ग, पुन्हा दोन वजा, पुन्हा बाकी. घरांच्या संख्येपेक्षा दोन कमी, इतक्या वेळा हे करायचे. शेवटी बाकी शून्य आली तर संख्या मूळ, नाही आली तर संयुक्त.

पाच घरांची संख्या ३१ घेऊन पाहा. पाचातून दोन गेले, तीन वेळा करायचे. चाराचा वर्ग १६, दोन गेले, १४. चौदाचा वर्ग १९६, दोन गेले, १९४. त्याला ३१ ने भागले, बाकी ८. आठाचा वर्ग ६४, दोन गेले, ६२. त्याला ३१ ने भागले, बाकी शून्य. एकतीस मूळ आहे. आता अकरा घरांची २०४७ घ्या. नऊ वेळा हीच क्रिया केली की शेवटी बाकी १७३६ उरते. शून्य नाही, म्हणून संयुक्त. पण या १७३६ मध्ये २३ कोठे दिसतात का? ८९ दिसतात का? मुळीच नाही. धुरावरून अग्नी कळतो, पण चुलीवर काय शिजते आहे हे धूर सांगत नाही. न्यायशास्त्रात ज्याला अनुमान म्हणतात ते हेच, आणि तर्कात कोठे खोट नसली तर ते पूर्ण भरवशाचे असते. लुकास यांचे ज्ञान अर्धवट नव्हते. ते परोक्ष होते.

आणखी सत्तावीस वर्षे गेली. अमेरिकेत न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात फ्रँक नेल्सन कोल नावाचे प्राध्यापक होते (१८६१–१९२६). अमेरिकेतल्या गणित मंडळाचे चिटणीसपद त्यांनी पुष्कळ वर्षे सांभाळले. अबोल आणि भिडस्त गृहस्थ. ३१ ऑक्टोबर १९०३ रोजी मंडळाच्या सभेत त्यांचा मोठ्या संख्यांचे विभाजक काढण्यावरचा निबंध होता. त्या सभेची हकीकत एरिक टेम्पल बेल यांनी पुढे १९५१ साली आपल्या पुस्तकात लिहिली. कोल फळ्यापाशी गेले. एक शब्द न बोलता दोनाची दुप्पट, तिची दुप्पट असे करीत सदुसष्टावा घात काढला, त्यातून एक वजा केला. मग फळ्याच्या मोकळ्या भागाकडे जाऊन दोन संख्या एकीखाली एक लिहिल्या :

१९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७.

आणि शाळेतल्या मुलासारखा ओळीओळीने गुणाकार मांडला. उत्तर आले ते पहिल्या उत्तराशी आकडा न् आकडा जुळले. कोल खडू ठेवून आपल्या जागी येऊन बसले. सभेने टाळ्यांचा कडकडाट केला, प्रश्न मात्र कोणीही विचारला नाही. बेल हे गोष्ट रंगवून सांगणारे म्हणून प्रसिद्ध आहेत. कीर्तनातल्या आख्यानात जसा थोडा रंग बुवांचा असतो तसा येथेही असेल. टाळ्या किती वेळ वाजल्या हे आपण सोडून देऊ. गुणाकार मात्र त्याच वर्षीच्या डिसेंबरात मंडळाच्या पत्रिकेत छापून आला, आणि त्याला रंगाची गरज नाही.

हे विभाजक शोधायला किती दिवस लागले, असे बेल यांनी १९११ साली कोल यांना विचारले. उत्तर मिळाले, तीन वर्षांचे रविवार.

हे तीन वर्षांचे रविवार म्हणजे काय, ते थोडे हिशेब करून पाहू, नाहीतर कष्टाची कल्पना यायची नाही. ६७ घरांच्या संख्येला ज्या मूळ संख्येने भाग जाईल तिला १३४ ने भागले असता बाकी एकच उरली पाहिजे, असा नियम आहे. (अकरा घरांचे पाहा, २३ आणि ८९ या दोघांनाही २२ ने भागले की बाकी एक.) तेव्हा १३५, २६९, ४०३ असे १३४ च्या ढांगा टाकीत जायचे आणि प्रत्येक ठिकाणी थांबून भाग जातो का ते पाहायचे. कोल यांचा लहान विभाजक या वाटेवर १४,४५,५८० व्या ढांगेला आहे. दुसऱ्या एका नियमाने यांतल्या निम्म्या जागा गळतात, तरी सव्वासात लाख उरतात. एकवीस आकडी संख्येचा एक भागाकार एका मिनिटात होतो असे धरा (माझ्याने तरी व्हायचा नाही), आणि रविवारी दहा तास बसा. तेवीस वर्षांचे रविवार लागतील. तीन, पाच, सात अशांनी भाग जाणाऱ्या जागा आधीच खोडल्या तरी नऊदहा वर्षे लागतीलच. म्हणजे कोल नुसते ढांगा टाकीत गेले नाहीत. वर्गांच्या बाक्यांवरून कोठे शोधणे व्यर्थ आहे ते ठरवीत, शोधाचे रान चारी बाजूंनी आखडीत आणले. अशा कामात शेवटच्या रविवारच्या आदल्या रविवारी हातात काय असते? काही नाही. नव्व्याण्णव हिस्से काम झाले म्हणून नव्व्याण्णव हिस्से विभाजक सापडला, असे येथे होत नाही.

आणि आता ताळा. वाचकांपैकी ज्यांना गुणाकार येतो त्यांनी कागद घेऊन बसावे. नऊ आकडी संख्येने बारा आकडी संख्येला गुणायचे आहे; नऊ ओळी होतील, सावकाश केले तरी तासाभरात उरकेल. तेवढाही वेळ नसेल तर जुन्या शाळेतली नऊ टाकण्याची रीत वापरा. पहिल्या संख्येच्या आकड्यांची बेरीज ३७, त्याची १०, त्याचा १. दुसरीची ६४, त्याची १०, त्याचा १. एक गुणिले एक, एक. मोठ्या संख्येच्या आकड्यांची बेरीज १०९, त्याची १०, त्याचा १. ताळा जमला. पण नऊ टाकून जमलेला ताळा चूक पकडू शकतो, बरोबर असल्याची हमी देऊ शकत नाही, हे जुने पंतोजीही सांगत. हमी हवी तर त्या नऊ ओळी लिहिल्याच पाहिजेत.

पंढरीच्या गर्दीत चुकलेले पोर शोधायला दोन दिवस लागतात. वाळवंट पालथे घालावे लागते, प्रत्येक राहुटीत डोकवावे लागते. पण ते समोर आणून उभे केले की आईला ओळखायला क्षणही लागत नाही. आपल्या संख्येचे तसेच आहे. शोधणाऱ्याला तीन वर्षे, पारखणाऱ्याला एक तास. ज्याने कष्ट केले त्याने फळ अशा रूपात आणून ठेवले की घेणाऱ्याला त्याच्या शब्दावर भार टाकण्याची गरज उरली नाही. कोल यांच्या मौनाचा अर्थ मला असा लागतो. त्या जागी दुसरा असता तर आपण रात्री कशा जागवल्या, आधीच्या पंडितांना कसे जमले नाही, हे तासभर सांगून मग शेवटी दोन आकडे दाखवले असते. त्यात वाईट काही नाही. पण सभेला जे हवे होते ते त्या तासात नव्हते, त्या दोन आकड्यांत होते.

येथे कोणी म्हणेल, मग तुमच्या मते अपरोक्ष तेवढे खरे आणि परोक्ष ते हलके, असेच ना? लुकास यांचे श्रम वाया गेले म्हणायचे? मला तसे वाटत नाही. पेटीत काहीतरी आहे याची खात्री नसती तर कोल यांनी तीन वर्षांचे रविवार कशाच्या भरवशावर खर्च केले असते? मर्सेन यांच्या शब्दावर ज्याचा विश्वास होता त्याला शोधायला जायचे कारणच नव्हते. मूळ संख्येचे विभाजक शोधीत बसणे म्हणजे तेरा माणसांच्या सारख्या पंगती मांडीत बसणे. लुकास यांच्या अनुमानाने सांगितले की शोध, सापडेल. कधी, कोठे, हे सांगितले नाही. सापडेल एवढेच सांगितले. एवढ्याशा शिदोरीवर माणूस केवढा मोठा पल्ला चालतो, हे वारीची वाट चालणाऱ्यांना मी काय सांगावे.

पण या दोन ज्ञानांचा पायरीने संबंध आहे म्हणून ती एकच आहेत असेही नव्हे. आपल्याकडे घोटाळा होतो तो येथे. परोक्ष ज्ञान निर्दोष असले की आपल्याला वाटते काम झाले. १८७६ नंतर कोणीही म्हणू शकत होता, ही संख्या संयुक्त आहे हे सिद्ध झाले, आता आणखी काय उरले? उरले होते ते सगळे. चाळीस वर्षे श्रवण करून ज्याला प्रत्येक सिद्धांत पाठ आहे आणि चर्चेत जो कधी हरत नाही, त्याच्याही पेटीचे कुलूप कधी कधी तसेच असते. खडखडाट मात्र त्याला इतरांहून चांगला ऐकू येतो.

दुसरा आक्षेप व्यवहारी लोकांचा. दाण्यांच्या रांगा होतात की नाही, हे कळून कोणाचे पोट भरले? १९०३ साली याला उत्तर एकच होते, की कोणाचेही नाही. कोल यांनी तो विचार करून काम केलेले नाही. पुढे १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन या तिघांनी याच गोष्टीतून, म्हणजे गुणणे सोपे आणि विभाजक काढणे कठीण या भेदातून, गुप्त निरोप पाठवण्याची रीत काढली. दोन प्रचंड मूळ संख्या मनात ठेवायच्या, त्यांचा गुणाकार चारचौघांत सांगून टाकायचा. गुणाकार पाहून कोणालाही कुलूप लावता येते, पण उघडता येते ते त्या दोन संख्या ठाऊक असणाऱ्यालाच. त्या वेळी आव्हान म्हणून दिलेल्या १२९ आकडी संख्येचे विभाजक १९९४ साली शेकडो लोकांनी आपापली यंत्रे जोडून, महिनोन् महिने राबून काढले. आज संगणकांच्या जाळ्यावर पैशाची ने-आण होते तिला या जातीची कुलुपे लागतात. हे मी सांगितले खरे, पण उपयोग निघाला म्हणून कोल यांचे रविवार सार्थकी लागले, असे मी म्हणणार नाही. उपयोग निघाला नसता तरी ते दोन आकडे तेवढेच खरे होते.

आणि येथे मला सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट येते. कोल यांनी घडवले काय? काहीच नाही. १६४४ साली मर्सेन 'नाही' म्हणत होते तेव्हाही ते दाणे त्याच रांगांत बसत होते. यादी छापली गेली, मान्य झाली, शिकवली गेली, म्हणून एक दाणाही इकडचा तिकडे झाला नाही. यादीत एकंदर पाच चुका निघाल्या. ६७ आणि २५७ नको होते. आणि ६१, ८९, १०७ हवे असून गळले होते. ६१ ची चूक १८८३ साली रशियातल्या एका खेड्यातल्या धर्मोपदेशकाने, इव्हान पेर्वूशिन यांनी दाखवली. साधूची चूक साधूनेच काढली म्हणायची! सबंध यादी पुरती तपासून व्हायला १९४७ साल उजाडले. आणि गमतीची गोष्ट ही की असल्या संख्यांना नाव मर्सेन यांचेच आहे. त्यांचा आकडा दुरुस्त केल्याने त्यांचा मान कमी झाला असे कोणाला वाटले नाही. थोरांच्या वचनाचा ताळा पाहणे म्हणजे त्यांचा अनादर, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी हे ध्यानात घ्यावे. तीनशे वर्षे त्यांची यादी तपासत राहण्याइतका मान आणखी कोणत्या यादीला मिळाला आहे?

मात्र ताळा पाहण्यालाही मर्यादा आहे, आणि आजच्या काळी ती फार जाणवते. १२ ऑक्टोबर २०२४ रोजी अमेरिकेतल्या ल्यूक ड्युरंट यांना या जातीची एक मूळ संख्या सापडली. तिच्या पटाला १३,६२,७९,८४१ घरे आहेत आणि ती लिहायला ४,१०,२४,३२० आकडे लागतात. एका पानावर तीन हजार आकडे छापले तरी साडेतेरा हजारांहून अधिक पाने होतील. ती कोणी पाठ म्हणणार नाही, कागदावर गुणून पाहणार नाही. ती मूळ आहे हे कळले ते लुकास-लेमर यांच्या त्याच रीतीने; तोच चार, तोच वर्ग, तेच दोन वजा. फक्त कष्ट यंत्राने केले. मग आपण पुन्हा शब्दप्रमाणावर आलो का? पूर्वी साधूचा शब्द, आता यंत्राचा, एवढाच फरक?

मला फरक दिसतो तो असा. मर्सेन यांच्या शब्दामागे वाट नव्हती. असलीच तर त्यांनी ती कोणाला दाखवली नाही. या यंत्राच्या शब्दामागे वाट आहे आणि ती उघडी आहे. निरनिराळ्या यंत्रांवर, निरनिराळ्या माणसांनी लिहिलेल्या आज्ञावलींनी तीच क्रिया पुन्हा करून पाहिली, सर्वांची शेवटची बाकी शून्य आली, तेव्हाच संख्या जाहीर झाली. मी स्वतः ती वाट चाललो नाही, चालणारही नाही. पण वाट आहे, कोणाला मनाई नाही, आणि जे चालून आले त्यांचे बोलणे जुळते. ज्याने स्वतः पाहिले नाही त्याने विश्वास कोणावर ठेवावा, या प्रश्नाला मला यापेक्षा चांगले उत्तर सापडलेले नाही. ज्याचा शब्द ऐकायचा त्याची थोरवी पाहण्याआधी हे विचारावे, की तो ज्या वाटेने गेला ती आपल्याला दाखवतो की नाही. जो म्हणतो 'मी सांगतो म्हणून', त्याच्या आकड्यापुढे, तो मठातला असो की विद्यापीठातला, पेन्सिलीने एक बारीक खूण करून ठेवावी.

पेटी हलवून झाली आहे पण कुलूप निघालेले नाही, अशी संख्या आजही आहे काय, असे कोणी विचारील. आहे. १२७७ घरांचा पट मांडला तर दाण्यांची बेरीज ३८५ आकडी होते. ती संयुक्त आहे हे लुकास यांच्या रीतीने पुरते सिद्ध झालेले आहे. दाण्यांच्या सारख्या रांगा होतात, याविषयी जगात कोणाला शंका नाही. पण २०२४ सालापर्यंत तिचा एकही विभाजक कोणाला सापडला नव्हता, आणि कोल यांना स्वप्नातही दिसली नसतील अशी यंत्रे रविवार-सोमवार न पाहता तिच्या मागे लागलेली आहेत.